पेशींच्या थराला घडी कशी पडते? बल शोधायची पद्धत, पायरीपायरीने

गर्भात मेंदूची नळी तयार होते, डोळ्याची वाटी तयार होते, आतड्याच्या आत विली, म्हणजे बोटांसारखे बारीक उंचवटे, उगवतात, दाताचा अंकुर खाली उतरतो. या सगळ्यांच्या मुळाशी एकच घटना असते: एकमेकींना घट्ट चिकटून बसलेल्या पेशींचा थर कुठेतरी वाकतो. पुस्तकात या थराला अभिस्तर ऊती म्हणतात, प्रयोगशाळेत सगळे एपिथेलियमच म्हणतात. इथेही तेच म्हणू.

हा थर वाकतो कसा, याचं पाठ्यपुस्तकातलं चित्र ठरलेलं आहे. पेशींची वरची टोकं आवळली जातात, पेशी पाचरीच्या आकाराच्या होतात आणि थर आत जातो. चित्र चुकीचं नाही, पण ते डोक्यात इतकं पक्कं बसतं की पाचरीसारख्या पेशी दिसल्या की विद्यार्थी ‘वरचं टोक आवळलं’ असं लिहून मोकळे होतात. पाचर हे घडीचं कारण असू शकतं, तसाच परिणामही. थर दोन्ही बाजूंनी दाबून वाकवला तरी बाकातल्या पेशी पाचरीसारख्याच होणार, भूमितीपुढे त्यांचा इलाज नसतो. म्हणून नुसता आकार बघून बलाचा पत्ता लागत नाही. मोजावं लागतं, कापावं लागतं, आणि काय आधी घडलं ते बघावं लागतं. ते कोणत्या क्रमाने करायचं, ते पुढे देतो. समोर एखाद्या घडीचे छेद किंवा व्हिडिओ असतील, संगणकावर फिजी हे प्रतिमांवर मोजमाप करायचं मोफत सॉफ्टवेअर असेल आणि हाताशी कागद-पेन्सिल असेल, तर निम्म्याहून जास्त पायऱ्या आजच करता येतील.

पायरी १: थराची कोणती बाजू कोणती, ते ठरवा

एपिथेलियमच्या पेशीला तीन प्रकारच्या बाजू असतात. एक मोकळ्या पोकळीकडे किंवा बाहेरच्या जगाकडे तोंड केलेली, तिला एपिकल म्हणू. तिच्या विरुद्ध, आधारपटलावर टेकलेली ती बेसल. आणि शेजारणींना लागून असलेल्या त्या बाजूच्या भिंती. एपिकल टोकाजवळ पेशींभोवती ॲक्टिनच्या तंतूंचा आणि त्यांना ओढणाऱ्या मायोसिन या प्रथिनाचा पट्टा असतो आणि तो ई-कॅडेरिन या चिकटवणाऱ्या प्रथिनाच्या सांध्यांनी शेजारच्या पेशींच्या पट्ट्यांना जोडलेला असतो. त्यामुळे एका पेशीने घेतलेली ओढ थेट शेजारणीपर्यंत पोचते. बेसल बाजूला कोलॅजन-४ आणि लॅमिनिन या प्रथिनांचं विणलेलं आधारपटल असतं. ते पेशींच्या मानाने चिवट असतं आणि घडीला बऱ्याचदा तेच आडवं येतं.

एपिकल बाजू कळली की सगळ्यात स्वस्त चाचणी लगेच करता येते. घडीचा खोलगट भाग कोणत्या बाजूला आहे ते बघा. वरचं टोक आवळल्याने थर वाकला असेल तर खोलगट बाजू एपिकलच असली पाहिजे. ती बेसल असेल, तर ‘एपिकल आवळणं’ हे उत्तर त्या जागेपुरतं बाद झालं. झेब्राफिशच्या मेंदूत मध्यमेंदू आणि पश्चमेंदूच्या सीमेवर असंच होतं. तिथे पेशी बेसल टोकाला आवळल्या जातात.

थराच्या वर आणि खाली काय आहे, तेही इथेच टिपून ठेवा. पीतकाचा द्रव, घट्ट कवच, सैल संयोजी ऊती की स्नायूचा थर? पाचव्या पायरीत याची गरज पडेल.

पायरी २: मोजण्याआधी छेद सरळ आहे का ते तपासा

हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे घसरलात तर पुढचं सगळं गणित फुकट जातं. छेद थराला काटकोनात नसेल तर थर खऱ्यापेक्षा जाड दिसतो. ३० अंशांच्या तिरकेपणाने उंची सुमारे १५ टक्के फुगते, ४५ अंशांनी ४१ टक्के. त्यामुळे शक्य तिथे एका छेदावर विसंबू नका. छेदांची पूर्ण रास घ्या आणि संगणकात ती घडीच्या अक्षाला काटकोनात पुन्हा कापा. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाचं खोलीच्या दिशेचं रेझोल्युशन आडव्या दिशेपेक्षा बरंच कमी असतं, हेही ध्यानात असू द्या. तीक्ष्ण पाचरीचं बारीक टोक त्यात सहज हरवतं.

पॅराफिनमध्ये बसवलेल्या नमुन्यात निर्जलीकरणामुळे ऊती आकसते, आणि सगळे भाग सारखे आकसतातच असं नाही. अशा छेदांवरून मायक्रॉनमधले आकडे देण्यापेक्षा गुणोत्तरं द्यावीत.

प्रत्येक पेशीसाठी चार गोष्टी मोजा: एपिकल रुंदी, बेसल रुंदी, उंची आणि छेदातलं क्षेत्रफळ. घडीच्या मधोमध असलेल्या पेशी तर मोजाच, पण दोन्ही अंगांच्या पेशीही मोजा. बाजूच्या पेशी ताणल्या गेल्यात की दबल्यात, यावरून पुढे बरंच काही कळतं.

पायरी ३: पाचरीचा हिशोब मांडा

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि बहुतेक जण नेमकी हीच वगळतात.

सरीसारखी लांबट घडी घ्या. तिच्यात प्रत्येक पेशी थराला किती वळवते, ते एका साध्या सूत्रातून निघतं. बेसल रुंदीतून एपिकल रुंदी वजा करा आणि उंचीने भागा. उत्तर रेडियनमध्ये येतं, ५७.३ ने गुणलं की अंश मिळतात.

फळमाशीच्या भ्रूणाचं उदाहरण घेऊ. अंडं फलित झाल्यावर साधारण तीन तासांनी तिच्या भ्रूणात सुमारे ६,००० पेशींचा एकेरी थर तयार होतो. त्याच्या पोटाकडच्या बाजूला जवळपास १८ पेशींच्या रुंदीचा एक पट्टा आत वळतो. मधल्या डझनभर पेशींची एपिकल टोकं आवळली जातात आणि काही मिनिटांतच तिथे सरी पडते. हिशोबाच्या सोयीसाठी पेशी सुरुवातीला ६ मायक्रॉन रुंद आणि ३५ मायक्रॉन उंच धरा. छेदातलं क्षेत्रफळ झालं २१० चौरस मायक्रॉन.

आता एपिकल टोक २ मायक्रॉनपर्यंत आवळलं आणि बेसल टोक ८ पर्यंत फुललं असं समजा. पेशीचं आकारमान एवढ्या थोड्या वेळात बदलत नाही, आणि सरीच्या लांबीच्या दिशेने पेशी तेवढीच राहते असं धरलं तर क्षेत्रफळ २१० च राहिलं पाहिजे. सरासरी रुंदी ५ झाली, म्हणून उंची ४२ वर जाते. एका पेशीचं वळण निघालं ६ भागिले ४२, म्हणजे साधारण ८ अंश. थर पूर्ण उलटा फिरवायला, म्हणजे १८० अंशांसाठी, जवळपास २२ पेशी लागतील. पट्ट्यात आवळणाऱ्या पेशी डझनभरच आहेत. नुसत्या आवळण्याने भागत नाही.

आता त्याच पेशीची उंची कमी करा. एपिकल टोक २ मायक्रॉनच ठेवा आणि उंची २५ वर आणा. क्षेत्रफळ तेवढंच ठेवायचं तर बेसल टोक जवळपास १५ मायक्रॉनपर्यंत फुलावं लागतं. आता एका पेशीचं वळण २९ अंशांच्या आसपास जातं आणि १८० अंशांना सहा-सात पेशी पुरतात.

या दोन ओळींच्या हिशोबातून मोठी गोष्ट हाती लागते. वरचं टोक आवळलं की आकारमान राखण्यासाठी पेशी आधी उंच होते, आणि उंच पेशी थराला कमी वळवते. खोल घडी पडायला नंतर पेशी बुटकी व्हावी लागते आणि तिचं बेसल टोक सैल सुटावं लागतं. फळमाशीत प्रत्यक्षात हाच क्रम दिसतो: आधी पेशी लांब होतात, मग आखूड होतात, आणि आखूड होतानाच सरी वेगाने आत जाते. बेसल बाजूचं मायोसिन त्या वेळी कमी होतं. २०१८ मध्ये प्रकाशाने चालणाऱ्या प्रथिनांचा वापर करून ते मुद्दाम बेसल बाजूला टिकवून धरलं, तर घडी अडली. समुद्रातल्या ॲसिडियन या प्राण्याच्या भ्रूणातही दोन टप्पे आहेत. पहिल्यात एपिकल टोकं आवळतात, दुसऱ्यात पेशी उंचीच्या दिशेने आखडतात.

तुमच्या नमुन्यात हा हिशोब जुळला, म्हणजे मोजलेल्या पेशींच्या वळणांची बेरीज आणि घडीचा प्रत्यक्ष कोन सारखे आले, तर मोजमाप बरोबर आहे एवढंच कळतं. बल कुठे आहे ते अजून कळलेलं नाही. जुळला नाही तर छेद तिरका आहे किंवा मोजमाप चुकलंय. आणि क्षेत्रफळ बदलत असेल तर पेशी सरीच्या दिशेने लांबी बदलताहेत किंवा फुगताहेत.

सरीऐवजी खड्डा असेल तर जास्त जपून. सपाट थर एका दिशेने वाकवताना त्याच्यावरच्या बिंदूंमधली अंतरं बदलावी लागत नाहीत. खड्डा करायचा तर बदलावीच लागतात. गाउसने १८२७ मध्ये वक्र पृष्ठभागांबद्दल सिद्ध केलेल्या प्रमेयाचा हा थेट परिणाम आहे. त्यामुळे डोळ्याच्या वाटीसारख्या खड्ड्यात पेशींना पृष्ठभागावरच पसरावं, आकसावं किंवा जागा बदलाव्या लागतात. नुसता छेद बघून ते दिसत नाही; वरून घेतलेली प्रतिमा लागते.

पायरी ४: संशयितांची यादी करा

थराच्या स्वतःच्या आतून येणारं बल असू शकतं. त्याचे ज्ञात मार्ग बरेच आहेत, आणि एपिकल आवळणं हा त्यातला फक्त सगळ्यात प्रसिद्ध.

त्याच्याबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी. २००९ मध्ये ॲडम मार्टिन, मथियास कॅश्युबे आणि एरिक वीशाउस यांनी फळमाशीच्या जिवंत भ्रूणात प्रत्येक पेशीचं एपिकल क्षेत्रफळ सतत मोजलं. आवळणं सलग नव्हतं. मायोसिन टोकाच्या मधोमध गोळा होतं, झटका बसतो, क्षेत्रफळ कमी होतं, मग थोडी उसंत, आणि साधारण ८० सेकंदांनी पुढचा झटका. दोन झटक्यांच्या मधे टोक पुन्हा पूर्ण पसरत नाही, जिथवर आलं तिथेच धरून ठेवलं जातं. झटके सुरू व्हायला स्नेल हे जनुक लागतं आणि मिळवलेली आवळ टिकवायला ट्विस्ट. ओढणं आणि धरून ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत, वेगळ्या जनुकांवर चालतात. तुमच्या नमुन्यात घडी अर्धवट राहत असेल तर यातलं नेमकं कोणतं काम बिघडलंय, हा प्रश्न आधी विचारा. झटके बसताहेत पण टिकत नाहीत, की झटकेच नाहीत? मिनिटाला एकच चित्र घेतलं तर यातलं काहीच दिसणार नाही. दर पाच-दहा सेकंदांनी एक तरी घ्या.

आवळणं सोडून बाकीचे मार्ग असे. बाजूच्या भिंती आखडून पेशी बुटक्या होणं. बेसल ताण कमी होऊन ते टोक फुलणं. फळमाशीच्या पंखाच्या डिस्कमध्ये, म्हणजे अळीतल्या ज्या थरापासून पुढे पंख बनतो त्यात, एका घडीत बेसल ताण घटतो आणि शेजारच्याच दुसऱ्या घडीत बाजूच्या भिंतींचा ताण वाढतो. एकमेकींना लागून असलेल्या दोन घड्या आणि दोन वेगळी यंत्रं, हे मला या विषयातलं सगळ्यात शिकवणारं उदाहरण वाटतं. पेशी मरतानाही काम करून जातात. फळमाशीच्या पायाच्या सांध्यात मरणारी पेशी आत ओढली जाताना थराला उंचीच्या दिशेने खेचते आणि तिथे घडीची सुरुवात होते. विभाजनासाठी गोल होणारी पेशीही थराला आत ढकलायला मदत करू शकते. श्वासनलिकांच्या अंकुरात ते दिसलं आहे. आणि केंद्रक. उंच, बारीक पेशीत केंद्रक जिथे बसतं तिथे ती फुगते. केंद्रक बेसल बाजूला राहिलं की पेशी आपोआप पाचरीची होते.

केंद्रकाचा मुद्दा न्यूरल ट्यूबमध्ये, म्हणजे ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात तिच्यात, फार महत्त्वाचा ठरतो. माणसात ही नळी गर्भाच्या चौथ्या आठवड्यात मिटते, मिटली नाही तर जन्मतःच गंभीर दोष राहतात. डोक्याच्या भागात श्रूम-३ या प्रथिनाच्या मदतीने एपिकल टोकं आवळली जातात. ते नसलेल्या उंदरांच्या भ्रूणात मेंदूची नळी उघडीच राहते. पण पाठीच्या कण्याच्या भागात गोष्ट वेगळी निघाली. १९९९ मध्ये उंदरांच्या भ्रूणांना सायटोकॅलसिन देऊन ॲक्टिनचे तंतू मोडले, तेव्हा डोक्याकडे मिटणं थांबलं आणि कण्याकडे मात्र वाकणं चालूच राहिलं. नळी एक, भ्रूण एक, छेदात दिसणाऱ्या पाचरीही सारख्याच, तरी यंत्र वेगळं.

बाहेरून येणारं बलही तितकंच खरं आहे: शेजारची ऊती ढकलते, खालचा थर कमी वाढतो, भोवतीचा स्नायू पसरू देत नाही. त्याची ओळख पुढच्या पायरीत.

पायरी ५: दबून वाकण्याचं गणित करून बघा

जागा नसताना थर वाढत राहिला की तो दबतो, आणि एका मर्यादेपलीकडे बाजूला वाकतो. यांत्रिकीत याला बकलिंग म्हणतात. खांबांसाठी त्याचं गणित ऑयलरने १७४४ मध्ये मांडलं.

टेबलावर करून पाहण्यासारखी गोष्ट आहे. कागदाची पट्टी दोन्ही टोकांनी दाबा, तिचा एकच मोठा फुगवटा येतो. तशीच पातळ पट्टी ताणलेल्या मऊ फोमवर पूर्ण लांबीभर चिकटवा, गोंद सुकू द्या आणि फोम सोडा. आता एक मोठा फुगवटा येत नाही, सारख्या अंतरावर बारीक चुण्या येतात. मोठा फुगवटा फोमला खूप ओढेल, फार बारीक चुण्या पट्टीला खूप वाकवतील. दोन्हींच्या मधे कुठेतरी सगळ्यात स्वस्त अंतर असतं.

ते अंतर काढायचं सूत्र असं: थराच्या आणि खालच्या पदार्थाच्या ताठरपणाचं गुणोत्तर घ्या, ३ ने भागा, घनमूळ काढा, थराच्या जाडीने आणि ६.२८ ने गुणा. थर २० मायक्रॉन जाड आणि खालच्यापेक्षा १० पट ताठ असेल तर दोन चुण्यांमधलं अंतर सुमारे १९० मायक्रॉन येतं. १०० पट ताठ असेल तर ४०० च्या आसपास. ताठरपणा दसपट वाढून अंतर जेमतेम दुप्पट झालं. जाडी दुप्पट केली तर मात्र अंतर सरळ दुप्पट होतं. म्हणून ताठरपणाचा आकडा नेमका माहीत नसला तरी घाबरू नका, जाडी मात्र नीट मोजा. थर खालच्या पदार्थाइतकाच मऊ असेल तर हे सूत्र वापरू नका. तिथे गुळगुळीत लाटांऐवजी धारदार भेगांसारख्या घड्या पडतात.

मोजलेलं अंतर सूत्राच्या जवळपास आलं, घड्या बऱ्याच आणि साधारण सारख्या असल्या, आणि थर जाड असलेल्या भागात त्या लांब-लांब असल्या, तर दबून वाकल्याचा संशय बळकट होतो. घडी एकच असेल आणि दरवेळी एखाद्या जनुकाच्या पट्ट्यावर बिनचूक पडत असेल, तर बल थरातलंच असण्याची शक्यता जास्त.

जिवंत थर कागदासारखा निमूट राहत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. आधाराशिवाय ताणून धरलेला पेशींचा एकेरी थर पटकन आखडला तर आधी वाकतो, आणि मग मायोसिनच्या ताणामुळे मिनिटभरात पुन्हा सपाट होतो. जवळपास ३५ टक्क्यांपलीकडे दाबला तरच घडी कायम राहते. २०२० मध्ये कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या पेशींच्या थरांवर हे दाखवलं गेलं. मायोसिनचा ताण इथे घडीच्या विरुद्ध काम करतो. ‘मायोसिन आहे म्हणजे घडी तेच घालतंय’ असं म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर आठवावा.

फळमाशीच्या डोक्यामागे पडणारी घडी याच संदर्भात बघावी. ती ठरलेल्या जनुकांच्या पट्ट्यावर पडते, काही वेळ राहते आणि नंतर उलगडून जाते. तिच्यातून कोणताच अवयव बनत नाही. मग ती पडते कशाला? २०२५ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की ही घडी पडू दिली नाही तर डोक्याकडची आणि धडाकडची ऊती एकमेकींवर आदळतात आणि थर भलत्याच ठिकाणी, दरवेळी वेगळ्या जागी, दबून वाकतो. म्हणजे थरातून येणारी एक नेमकी घडी बाहेरच्या दाबाने पडणाऱ्या बेशिस्त घड्यांना जागाच ठेवत नाही.

पायरी ६: कापा

बल शोधायचा सगळ्यात प्रामाणिक मार्ग म्हणजे जोड तोडून काय होतं ते बघणं. संशयिताला घडीपासून वेगळं करा. घडी उलगडली तर बल बाहेर होतं. टिकली किंवा वेगळी करूनही पडत राहिली तर आत.

कोंबडीच्या भ्रूणातल्या आतड्याचे दोन प्रयोग इथे आदर्श आहेत. आतड्याची वेटोळी कशामुळे पडतात? २०११ मध्ये आतडं त्याच्या मागच्या पातळ पडद्यापासून, म्हणजे आंत्रपटलापासून, कापून सुटं केलं. आतडं जवळपास सरळ झालं आणि पडदा आकसला. आतडं पडद्यापेक्षा वेगाने वाढत होतं आणि पडदा त्याला ओढून धरत होता. हे घरीही करता येतं. रबराची पातळ पट्टी ताणून धरा, तिच्या कडेला न ताणलेली बारीक रबरी नळी शिवा आणि सोडा. नळीची वेटोळी होतात. संशोधकांनीही असंच प्रतिरूप बनवून वेटोळ्यांचा आकार पडताळला होता.

दुसरा प्रयोग २०१३ मधला, विलींचा. कोंबडीच्या भ्रूणात आठव्या दिवसाच्या सुमारास आतड्याभोवती गोलाकार स्नायूचा थर तयार होतो आणि आतल्या थराला लांबट कडा, म्हणजे वरंब्यांसारख्या घड्या, पडतात. तेराव्या दिवसाच्या सुमारास उभा स्नायू तयार होतो आणि कडा नागमोडी होतात. सोळाव्याच्या सुमारास आणखी एक उभा थर येतो आणि नागमोडी कडांवर विलींचे उंचवटे दिसू लागतात. स्नायूचा प्रत्येक थर एकेक दिशा बंद करत जातो. स्नायू सोलून काढला की आतल्या थराच्या घड्या सैल पडतात. इथे एपिथेलियमच्या पेशींकडे कितीही वेळ टक लावून पाहिलं असतं तरी उत्तर सापडलं नसतं.

सुई किंवा चिमटा पोचत नाही तिथे लेझर. पेशींमधला एक सांधा लेझरने तोडला की टोकं मागे सरकतात. अगदी सुरुवातीचा वेग मोजा, पहिल्या काही सेकंदांतला. हा वेग म्हणजे ताण भागिले घर्षण, निव्वळ ताण नव्हे. त्यामुळे एकाच ऊतीत, एकाच वयात दोन जागांची किंवा दोन दिशांची तुलना करा. वेगवेगळ्या ऊतींचे वेग शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका. तोडल्यावर टोकं उघडण्याऐवजी एकमेकींकडे आली तर थर दाबाखाली होता, आणि पाचव्या पायरीकडे परत जायला हवं.

पायरी ७: बंद करा, चालू करा

औषधांनी बंद करणं सोपं, अर्थ लावणं अवघड. मायोसिनला चालना देणारं रॉक हे एन्झाइम थांबवायला वाय-२७६३२ वापरतात, मायोसिन थांबवायला ब्लेबिस्टॅटिन. ब्लेबिस्टॅटिन निळ्या प्रकाशाने निकामी होतं आणि पेशींना अपायही करतं, तेव्हा हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनांच्या निळ्या लेझरखाली ते वापरण्याआधी विचार करा. आणि दोन्ही औषधं सगळीकडची यंत्रणा थांबवतात: घडीतली, शेजारच्या पेशींतली, स्नायूतलीही. घडी थांबली म्हणून बल घडीतल्या पेशींचंच होतं असं ठरत नाही. जागा निवडून थांबवता आलं तरच ते म्हणता येतं.

थांबवल्याने गरज कळते. पुरेसं आहे का, हे कळायला नको त्या जागी चालू करून बघावं लागतं. २०१८ मध्ये स्टेफानो दे रेंझिस यांच्या गटाने फळमाशीच्या भ्रूणात प्रकाश पडेल तिथे मायोसिनला चालना देणारं ऱ्हो प्रथिन सक्रिय होईल अशी सोय केली. एरवी घडी पडत नाही अशा जागी लेझरने चौकोन आखला आणि तेवढाच थर आत गेला. एपिकल आवळणं घडी सुरू करायला पुरेसं आहे, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

काढून टाकण्याचाही एक विलक्षण प्रयोग आहे. २०१४ मध्ये पेशींच्या बाजूच्या आणि बेसल भिंतीच तयार होत नाहीत अशी फळमाशीची भ्रूणं घेऊन पाहिलं गेलं. तिथे पेशी म्हणाव्या अशा उरल्याच नव्हत्या, फक्त एपिकल बाजूचं मायोसिन होतं. तरी ते आवळलं गेलं आणि खालचं पेशीद्रव्य जवळपास तसंच वाहिलं जसं पेशी असताना वाहतं. लांब होण्याच्या टप्प्यात बाजूच्या भिंती मुख्यतः प्रवाहाबरोबर वाहत जातात, हे त्यातून दिसलं. तिसऱ्या पायरीतलं आकारमान राखायचं गणित इथे प्रत्यक्ष हलताना दिसतं.

पायरी ८: काय आधी घडलं ते एका रेघेवर मांडा

पेशींची उंची, एपिकल रुंदी, बेसल रुंदी, मायोसिनची चमक आणि घडीची खोली, या पाचही गोष्टी एकाच कालरेषेवर काढा. खोली वाढायच्या आधी मायोसिन वाढलं का? बेसल टोक आधी सैल झालं की वाकल्यावर? कारण परिणामाच्या आधी यावं लागतं, आणि एवढ्या एका अटीवर बरेच संशयित सुटतात.

पायरी ९: मॉडेल करा, पण त्याला अवघड प्रश्न विचारा

मॉडेल करायची परंपरा जुनी आहे. विल्हेल्म हिस यांनी १८७४ मध्ये गर्भाच्या घड्या समजावण्यासाठी रबरी नळ्या वाकवल्या. वॉरेन लुईस यांनी १९४७ मध्ये धातूच्या पट्ट्या आणि रबर बँड जोडून पेशींची रांग केली आणि वरचे रबर बँड घट्ट करून ती वाकवून दाखवली. ओडेल, ऑस्टर, अल्बर्च आणि बर्नसाइड यांनी १९८१ मध्ये हेच संगणकावर नेलं.

आजचं सोपं रूप असं. छेदातली प्रत्येक पेशी एक चौकोन समजा. क्षेत्रफळ बदललं की दंड बसतो आणि एपिकल, बेसल, बाजूच्या अशा प्रत्येक कडेला आपापला ताण असतो. कोपरे थोडेथोडे हलवत एकूण ऊर्जा कमी करत जायचं. चाळीस-पन्नास चौकोनांची रांग कोणत्याही प्रोग्रामिंग भाषेत बसते. आधी फक्त एपिकल ताण वाढवा, मग फक्त बाजूचा, मग फक्त बेसल कमी करा, मग ताण तसेच ठेवून दोन्ही टोकं आत ढकला. चारही वेळा घडी पडेल, आणि त्या घड्या दिसायला इतक्या सारख्या असतील की ‘माझं मॉडेल घडी दाखवतं’ या वाक्याला काही किंमत उरत नाही.

म्हणून मॉडेलला आकार विचारू नका. चौघांचं उत्तर वेगळं येईल असा प्रश्न विचारा: घडीच्या शेजारी, तीन पेशी सोडून, एक कड तोडली तर टोकं किती उघडतील? बाजूच्या पेशी ताणलेल्या असतील की दबलेल्या? फक्त एपिकल ताण असेल तर शेजारच्या पेशी घडीकडे ओढल्या जाऊन ताणलेल्या दिसतात. टोकांनी ढकललं असेल तर त्या दबलेल्या आणि उंच दिसतात. दुसऱ्या पायरीत बाजूच्या पेशी मोजायला सांगितल्या होत्या त्या यासाठीच. चार उत्तरांत जिथे सगळ्यात जास्त फरक पडतो ती जागा मॉडेलवर खूण करून ठेवा आणि पुढच्या भ्रूणात लेझर तिथेच लावा.